विहिरीवरील पंपास मोबाइल स्टार्टर बसविताना

विहिरीवरील विजेचा पंप सुरू करणे हे काम दिसावयास अगदी क्षुल्लक आहे. हिरवे बटण दाबले की मोटार फिरू लागते. परंतु बटण दाबावयास विहिरीवर गेलेला शेतकरी तेवढेच करून परत येत नाही. पेटीवरील तिन्ही दिवे लागले आहेत काय हे तो पाहतो, मोटारीचा आवाज नेहमीसारखा आहे की ती नुसतीच घुमत आहे हे कान देऊन ऐकतो, नळीला पाणी आले की मगच पाठ फिरवितो. आणि विहिरीत कोणी उतरलेले नाही ह्याची खात्री तो नकळतच करून घेतो. मोबाइल स्टार्टर ह्या साधनाने बटण दाबण्याचे काम घरबसल्या होते. पाहण्याची व ऐकण्याची कामे मात्र आपोआप होत नाहीत. त्यांची तजवीज बसवितानाच करावी लागते. आणि पुष्कळ ठिकाणी नेमकी तीच राहून जाते.

हे साधन निरुपयोगी आहे असे मुळीच नव्हे. महाराष्ट्रात कृषिपंपांना तीन फेजचा पुरवठा बहुतेक वाहिन्यांवर ठराविक तासच आणि पाळीपाळीने होतो. पाळी रात्रीची असली म्हणजे शेतकऱ्यास अपरात्री बॅटरी घेऊन बांधाबांधाने विहीर गाठावी लागते. विंचूकाट्याचे भय सर्वत्र आहेच. जुन्नर, आंबेगाव, शिरूर ह्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याचे भय त्यात मिसळले आहे. ओल्या हाताने गंजलेल्या लोखंडी पेटीस स्पर्श करण्याचा धोका तर ह्या दोहोंहून कमी नाही. कृषिपंपांना दिवसा वीज मिळावी ह्या हेतूने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजना सुरू झाली व २०२३ साली तिचा दुसरा टप्पा हाती घेण्यात आला. जेथे ह्या योजनेची वीज पोहोचली तेथे रात्रीची फेरी टळते. तरीही वस्तीपासून शेत लांब असणे, पुरवठा मधूनच खंडित होणे, घरात एकच कर्ता पुरुष असणे ही कारणे उरतातच. अशा घरातील गृहिणी किंवा वृद्ध माणूस दूरध्वनीवरून पंप सुरू करू शकतो, ही सोय लहान नव्हे.

स्टार्टर कसा चालतो

साधन बसविण्यापूर्वी विहिरीवरील स्टार्टरचे काम समजून घेणे अवश्य आहे. लहान पंपांना बहुधा थेट स्टार्टर असतो, त्यालाच डी.ओ.एल. असे म्हणतात. ह्या पेटीत मुख्यत्वे तीन भाग असतात. पहिला कॉन्टॅक्टर, म्हणजे तिन्ही फेज एकाच वेळी जोडणारा व तोडणारा खटका. दुसरा भाग म्हणजे त्या खटक्याला ओढून धरणारी नो-व्होल्ट कॉइल. तिसरा ओव्हरलोड रिले. मोटार प्रमाणाबाहेर वीज ओढू लागली की तो तापतो व कॉइलची वाट तोडतो.

हिरवे बटण दाबले असता कॉइलला वीज मिळते आणि ती खटक्याला आत ओढते. खटका आत जाताच त्याच्याच बाजूस असलेली एक लहान जोडणी मिटते, व बोट काढून घेतले तरी कॉइलची वाट त्या जोडणीतून चालू राहते. लाल बटण ही वाट तोडते. वीज गेली तर कॉइल सुटते, खटका बाहेर येतो, आणि वीज परत आली तरी पुन्हा कोणी हिरवे बटण दाबीपर्यंत मोटार बंदच राहते. ही उणीव नसून हेतुपुरस्सर केलेले संरक्षण आहे. हिरवे बटण काडी खोचून किंवा सुतळी आवळून कायमचे दाबून ठेवण्याची जी चाल काही विहिरींवर दिसते, तिने हे संरक्षण पूर्णपणे नाहीसे होते. मोबाइल स्टार्टर चुकीच्या रीतीने जोडला तर तोही त्या काडीचेच काम करतो, फक्त अधिक पैसे घेऊन.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवणे प्राणरक्षणाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. शेतातील पंपाकडे न्यूट्रलची तार बहुधा घेतलेली नसते. त्यामुळे कॉइल दोन फेजांमध्ये जोडलेली असते, व हिरव्या-लाल बटणांकडे जाणाऱ्या बारीक तारांतही पूर्ण ४१५ व्होल्टचा दाब असतो. तार बारीक आहे म्हणून ती निरुपद्रवी असावी, हा समज प्राणघातक आहे.

जुन्या विहिरींवर तेलात बुडविलेले, हाताच्या दांड्याने चालणारे स्टार्टर अद्याप आढळतात. दांडा ओढणारा हात मोबाइलला नसल्यामुळे अशा स्टार्टरवर हे साधन चालत नाही. कॉन्टॅक्टर असलेला नवा स्टार्टर आधी घ्यावा लागतो. मोठ्या मोटारींच्या स्टार-डेल्टा स्टार्टरची जोडणी निराळी असते व ती पूर्णतः जाणकाराकडेच सोपवावी. सौर पंपास स्वतःचा नियंत्रक असतो. त्यावर बाहेरचे साधन बसवू नये. कित्येक नियंत्रकांत दुरून चालविण्याची सोय मुळातच केलेली असते.

खरेदीपूर्वी

बाजारात ह्या साधनाचे अनेक प्रकार मिळतात. केवळ चालू व बंद करणारे साधन स्वस्त असले तरी घेऊ नये. तिन्ही फेज उपस्थित आहेत काय, त्यांचा क्रम बरोबर आहे काय व दाब पुरेसा आहे काय हे पाहूनच मोटार सुरू करणारे, मोटार किती अँपिअर ओढते हे मोजणारे, वीज परत आल्यावर ठरविलेला वेळ थांबणारे, नोंदविलेल्या क्रमांकांशिवाय इतर कोणाचेही न ऐकणारे, आणि आपण काय केले हे उलट कळविणारे साधनच पत्करावे. फेजचा क्रम पाहण्याचे महत्त्व पुष्कळांस ठाऊक नसते. रोहित्राची दुरुस्ती झाल्यावर दोन तारांची अदलाबदल झाली तर मोटार उलटी फिरते. विहिरीवर उभ्या असलेल्या माणसाला पाणी कमी आलेले लगेच दिसते. घरी बसलेल्याला मोटार चालू आहे एवढेच कळते.

पैसे देण्यापूर्वी ज्या पेटीत साधन बसणार त्या जागी स्वतःचा दूरध्वनी काही वेळ ठेवून पाहावा. ज्या कंपनीचे सिम घालावयाचे तिची लहर तेथे पोहोचत नसेल तर सर्व खर्च व्यर्थ जातो. साधन कोणत्या जाळ्यावर चालते हेही विचारून घ्यावे. केवळ २जी जाळ्यावर चालणाऱ्या साधनात जिओचे सिम उपयोगी पडत नाही; २०१६ साली सुरू झालेल्या त्या सेवेत २जी मुळातच नव्हते. लोखंडी पेटी लहरीस अडविते, म्हणून अँटेना पेटीबाहेर काढता येईल असे साधन असावे. सिमवरील गुप्त क्रमांकाची अट ते आत घालण्यापूर्वी आपल्या दूरध्वनीतच काढून टाकावी.

जोडणी

विजेच्या मांडणीतील फेरफार परवानाधारक वायरमनकडून करून घेणेच योग्य होय. पेटी भिंतीवर बसविणे, अँटेना वर नेणे, सिम घालणे, क्रमांक व मर्यादा नोंदविणे आणि चाचण्या घेणे ही कामे शेतकरी स्वतः करू शकतो. तथापि तारा कोठे जोडल्या जात आहेत हे त्याने जवळ उभे राहून समजून घ्यावे. वायरमन निघून जातो. पंप व विहीर शेतकऱ्याची असते.

कामास आरंभ करण्यापूर्वी वीज तोडावी. लाल बटण दाबणे म्हणजे वीज तोडणे नव्हे, कारण स्टार्टरमध्ये येणाऱ्या तीन तारा तेव्हाही जिवंतच असतात. मुख्य स्विच खाली करून तिन्ही फ्यूज काढावेत आणि काम चालू असेपर्यंत ते स्वतःच्या खिशात ठेवावेत. जवळच्या फळीवर ठेवलेले फ्यूज दुसरा माणूस चांगल्या हेतूने परत लावून टाकतो. टेस्टर आधी जिवंत तारेवर लावून तो ठीक असल्याची खात्री करावी आणि मगच स्टार्टरच्या तिन्ही तारांवर लावून पाहावा. बिघडलेला टेस्टर नेहमी वीज नाही असेच सांगतो. पंपास कपॅसिटर जोडलेला असेल तर वीज तोडल्यावरही काही काळ त्यात वीज साठून राहते. त्याच्या टोकांना हात लावू नये व वायरमनने तो रिता करीपर्यंत थांबावे.

ह्याच वेळी पेटीचे अर्थिंग तपासावे. मोबाइल स्टार्टर आला तरी लाल बटण दाबण्याकरिता माणूस कधी ना कधी पेटीस हात लावणारच आहे. जस्ताचा मुलामा दिलेली सुमारे अडीच मीटर लांबीची नळी खड्ड्यात कोळसा व मीठ भरून पुरलेली असावी, तिची तार पेटीस घट्ट आवळलेली असावी, आणि उन्हाळ्यात त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतावे. अर्थिंगची तार तुटलेली असताना नवे साधन बसविणे म्हणजे पाया नसलेल्या भिंतीवर नवी कौले चढविणे होय.

मग तारा. तीन बारीक तारा मुख्य स्विचकडून येणाऱ्या तीन फेजांना, म्हणजे कॉन्टॅक्टरच्या अलीकडे, लहान फ्यूजमधून जोडावयाच्या असतात. ह्यांतून साधनास स्वतःपुरती वीज मिळते व फेज पाहता येतात. कॉन्टॅक्टरच्या पलीकडे जोडल्यास मोटार बंद असताना साधन आंधळे होते.

सुरू करण्याच्या दोन तारा हिरव्या बटणाच्या दोन टोकांना समांतर जोडाव्यात. म्हणजे बटण दाबले काय किंवा साधनाने आपली जोडणी क्षणभर मिटविली काय, परिणाम एकच होतो. ही जोडणी एकदोन सेकंदच मिटली पाहिजे. खटका धरून ठेवण्याचे काम स्टार्टरच्या लहान जोडणीचे आहे आणि ते तिच्याकडेच राहू द्यावे. बंद करण्याच्या दोन तारांची रीत निराळी. लाल बटणाच्या वाटेतील एक तार सोडवून ती साधनातून फिरवून आणावी, म्हणजे साधन त्याच वाटेवरील दुसरा पहारेकरी होते. त्या दोघांपैकी कोणीही वाट तोडली तरी मोटार थांबली पाहिजे.

येथे घडणारी चूक सांगितली पाहिजे. घाईत तारा अशा टोकांवर पडतात की, साधनाची वाट लाल बटणास किंवा ओव्हरलोड रिलेस वळसा घालून जाते. पंप मोबाइलवरून सुरूही होतो, बंदही होतो. सर्व काही ठीक दिसते. पुढे एखाद्या रात्री गाळाने पंप अडकतो, मोटार तापते, रिले आपले काम करतो, परंतु वीज दुसऱ्या वाटेने चालूच राहते. सकाळी जळका वास येतो. नवे साधन निकृष्ट निघाले असा बोभाटा मग गावात होतो, पण दोष दोन इंच तारेचा असतो.

मोटारीचा प्रवाह मोजणारे कडे बहुतेक साधनांबरोबर येते. मोटारीकडे जाणाऱ्या तीन तारांपैकी फक्त एकच तार त्या कड्यातून ओवावी. तिन्ही एकत्र ओवल्या तर त्यांच्या प्रवाहांची बेरीज शून्य होते आणि मोटार भरधाव चालू असताही साधन ती बंद असल्याचे कळविते.

चाचण्या

पहिल्या चाचणीच्या वेळी मोटारीकडे जाणाऱ्या तारा स्टार्टरमधून सोडवून, त्यांची टोके सुरक्षित करून ठेवाव्यात. तारा सोडविणे व पुन्हा जोडणे हे वायरमनने, फ्यूज काढलेले असतानाच करावे. मोटार न फिरता केवळ कॉन्टॅक्टरचा खट् असा आवाज ऐकावयाचा आहे. मोबाइलवरून आज्ञा द्यावी. खटका आत जाऊन तेथेच राहिला पाहिजे. लाल बटण दाबावे. तो सुटला पाहिजे. पुन्हा मोबाइलवरून सुरू करून ओव्हरलोड रिलेवरील चाचणीची कळ दाबावी; तो सुटला पाहिजे. पुन्हा सुरू करून मुख्य स्विच खाली करावा व थोड्या वेळाने वर करावा. खटका आपणहून आत जाता कामा नये. मग वायरमनकडून एका फेजचा फ्यूज काढवून आज्ञा देऊन पाहावी; साधनाने ती नाकारून तसे कळविले पाहिजे. ह्यांतील एकही चाचणी फसली तर मोटार जोडू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ह्या चाचण्या एका विहिरीवर पाच-दहा शेतकऱ्यांसमक्ष करून दाखविल्यास त्याचा उपयोग व्याख्यानापेक्षा अधिक होईल.

मोटार जोडल्यावर मर्यादा ठरवाव्यात. पाच अश्वशक्तीची मोटार पूर्ण भारावर स्थूलमानाने साडेसात अँपिअर ओढते. अश्वशक्तीमागे दीड अँपिअर हा अदमास लक्षात ठेवण्यास सोपा आहे. परंतु नेमका आकडा मोटारीच्या नावपट्टीवरून घ्यावा व ओव्हरलोड रिले त्याप्रमाणे लावावा. कमी दाबाची मर्यादाही नावपट्टी पाहूनच ठरवावी. ४१५ व्होल्टच्या मोटारीस पंधरा टक्के घट सोसावयाची म्हटले तरी तो आकडा सुमारे ३५३ व्होल्ट होतो. ह्याहून फार खाली मोटार चालविणे म्हणजे तिला उपाशी ठेवून ओझे वाहावयास लावणे. दाब कमी झाला की मोटार जास्त अँपिअर ओढते आणि तापते.

विहिरीचे किंवा विंधन विहिरीचे पाणी तुटले असता मोटार कोरडी फिरू नये ह्याची मर्यादा तर प्रत्येक विहिरीवर निराळी असते, व पुस्तिकेतील आकड्यावर विसंबून ती ठरविता येत नाही. पाण्यातील मोटार सभोवतालच्या पाण्यानेच थंड राहते व तिचे बुशही पाण्यावरच फिरतात. काठावरील मोनोब्लॉकचे सील कोरडे फिरल्यास जळते. पाणी तुटले की भार कमी होऊन अँपिअर खाली येतात, हीच साधनाला मिळणारी खूण. म्हणून पंप भरपूर पाणी देत असताना साधनावरील आकडा लिहून घ्यावा. पुढे पाणी तुटू लागेल त्या दिवशी जवळ थांबून, फेस व हवा येऊ लागताच आकडा पाहावा आणि पंप बंद करावा. समजा, पहिला आकडा ७ व दुसरा ४ आला. तर मर्यादा साडेपाचच्या सुमारास ठेवावी. उन्हाळ्यात पाणी खोल गेल्यावर हे मोजमाप पुन्हा करावे. पंप बंद झाल्यावर नळीतील पाणी मागे उतरेपर्यंत तो पुन्हा सुरू करू नये. उलट फिरत असलेल्या मोटारीस सुलट फिरविण्याचा झटका तिच्या दांड्यास सोसत नाही.

रोहित्रावरील शेजारी

बहुतेक साधनांत वीज येताच मोटार आपोआप सुरू करण्याची सोय असते. शेतकऱ्यास हीच सोय सर्वांत अधिक आवडते, आणि गावास हीच सर्वांत महाग पडते. ६३ के.व्ही.ए.चे रोहित्र, म्हणजे गावात ज्यास डी.पी. म्हणतात ते, फार तर ८४ अँपिअरचा भार वाहते. त्यावर पाच अश्वशक्तीचे दहा पंप असतील तर सर्व मिळून ७५ अँपिअर होतात व रोहित्र ते निभावून नेते. परंतु कोणतीही मोटार सुरू होण्याच्या क्षणी आपल्या नेहमीच्या प्रवाहाच्या सुमारे सहापट प्रवाह ओढते. दहाही पंप एकदम उठले तर मागणी ४५० अँपिअरवर, म्हणजे क्षमतेच्या पाचपटीहून अधिक जाते. दाब कोसळतो, म्हणून एकही मोटार पुरती वेग घेत नाही. वेग घेत नाही म्हणून प्रवाहही उतरत नाही. ग्रिप उडतात, आणि हे रोज घडू लागले की रोहित्र जळते. मग ऐन भरणीच्या दिवसांत दहाही शेतांना पाणी नाही. महावितरण कंपनी ऑटोस्विच काढून टाका व कपॅसिटर बसवा असे वारंवार सांगते ते ह्याच कारणास्तव. पाच अश्वशक्तीच्या पंपास साधारणतः २ के.व्ही.ए.आर.चा कपॅसिटर लागतो.

सर्वांत सरळ मार्ग असा की, आपोआप सुरू होण्याची सोय बंदच ठेवावी. वीज आल्याची वार्ता साधन कळवितेच. मग आज्ञा माणसाने द्यावी. एखाद्यास ती सोय ठेवणे भागच असेल तर एका रोहित्रावरील सर्व पंपधारकांनी एकत्र बसून थांबण्याचा वेळ वाटून घ्यावा. पहिल्याचा पंप दोन मिनिटांनी, दुसऱ्याचा चार मिनिटांनी, असे करीत दहावा वीस मिनिटांनी सुरू होईल. शेवटच्याचे नुकसान वीस मिनिटांचे. आणि ते टाळण्याकरिता दर महिन्यास क्रम फिरविता येतो. हे काम यंत्राचे नाही, बैठकीचे आहे, व ती बोलाविण्यात कार्यकर्त्याने पुढाकार घ्यावा.

विहिरीत माणूस असताना

फूटव्हॉल्व्हमध्ये अडकलेला कचरा काढण्यास एक भाऊ विहिरीत उतरला आहे, आणि वीज आल्याची वार्ता पाहून दुसरा भाऊ घरून पंप सुरू करतो, ही गोष्ट कल्पनेतील वाटली तरी तिला आवश्यक असे सर्व काही मोबाइल स्टार्टर बसविलेल्या प्रत्येक विहिरीवर हजर असते. पूर्वी पंप सुरू करणारा विहिरीच्या काठावरच असे व आत वाकून पाहत असे. आता तो वस्तीवर, बाजारात किंवा परगावीही असू शकतो.

थंड प्रदेशांत, विशेषतः कॅनडात व अमेरिकेच्या उत्तर भागात, हिवाळ्याच्या सकाळी घरातूनच मोटारगाडीचे इंजिन सुरू करणारे साधन पुष्कळ लोक वापरतात व काही जण ते स्वतः बसवितात. तेथे हा प्रश्न पूर्वीच उभा राहिला होता. गाडी गिअरमध्ये असेल तर इंजिन सुरू होऊ नये, आणि पुढचे झाकण उघडे असेल, म्हणजे कोणाचा तरी हात इंजिनात असण्याचा संभव असेल, तर आज्ञा मिळूनही सुरू होऊ नये, ह्यासाठी त्या साधनाबरोबर निराळे खटके असतात. झाकणाखालचा तो लहानसा खटका हा त्या साऱ्या साधनातील सर्वांत शहाणा भाग होय. विहिरीला झाकण नाही. म्हणून तेथे खटक्याचे काम माणसाच्या शिस्तीनेच करावयाचे: विहिरीत उतरणाऱ्याने, किंवा मोटारीस, नळीस अगर स्टार्टरला हात लावणाऱ्याने, मुख्य स्विच खाली करून तिन्ही फ्यूज काढावेत व ते स्वतःच्याच खिशात घालून मग कामास लागावे. घरी दूरध्वनी करून पंप सुरू करू नका असे सांगणे पुरेसे नाही. नोंदलेले क्रमांक दोन-तीन असतात, आणि निरोप त्यांतील एकालाच पोहोचतो.

ओघाने आले म्हणून सांगावयाचे, की काही होतकरू तरुण असेच साधन ट्रॅक्टरला किंवा डिझेल इंजिनाला लावण्याच्या खटपटीत असतात. ते करू नये. गिअरमध्ये राहिलेला ट्रॅक्टर दुरून सुरू केला तर तो चालू लागतो व त्याच्यापुढे कोण आहे हे कोणास दिसत नाही. गिअरमध्ये असताना सुरू होऊ न देणारा खटका असला तरी जुन्या ट्रॅक्टरवर तो कित्येकदा निकामी करून ठेवलेला असतो. विहिरीत उतरवून ठेवलेल्या इंजिनाचा धूर तर दिसण्यापूर्वीच माणसास बेशुद्ध करतो.

वापरात आल्यावर

आज्ञा देण्याचा अधिकार घरातील दोघांतिघांच्याच क्रमांकांना असावा. सर्वांस खुले ठेवलेले साधन चुकून आलेल्या दूरध्वनीनेही जागे होते. पंप किती वेळ चालावा ह्याची मर्यादा साधनात घालून ठेवावी. बटण दाबावयास दोन किलोमीटर चालावे लागत असे तेव्हा शेतकरी पाण्याचा हिशेब आपोआप ठेवीत असे. बोटाने सुरू झालेला पंप बोटानेच विसरलाही जातो, व भारी काळ्या जमिनीत त्याचा परिणाम पाणथळीच्या रूपाने दिसू लागतो. आठवड्यातून एकदा तरी विहिरीवर स्वतः जाऊन पेटी उघडावी, पाली व मुंग्यांची घरे काढावीत, तारांचे स्क्रू वीज तोडूनच आवळावेत. आकाशात वीज चमकू लागली असता, पेटीजवळ जाणे सुरक्षित असेल तेव्हाच आणि वादळ पोहोचण्यापूर्वीच, मुख्य स्विच खाली करून ठेवावा.

सिमची मुदत संपली तर साधन एकाएकी मुके होते व बिघाड झाला असे समजून लोक वायरमनला बोलावितात. म्हणून पेटीच्या झाकणाच्या आतील बाजूस एक जाड कागद चिकटवून त्यावर सिमचा क्रमांक, मुदतीची तारीख, नोंदविलेल्या दूरध्वनींचे क्रमांक, पंप पाणी देत असतानाचे व पाणी तुटतानाचे अँपिअर, आणि थांबण्याचा ठरलेला वेळ ठळक अक्षरांत लिहून ठेवावा. शाई पेनाची न वापरता पेन्सिल वापरावी. पावसाळ्यातील ओलीने शाई पसरते.